तीन महिने

आमच्या कंपनीत दरवर्षी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल एक ऑनलाइन ट्रेनिंग असतं. मी तो व्हिडिओ दुसऱ्या टॅबमध्ये म्यूट करून चालू ठेवायचो. शेवटचे प्रश्न सोपे असतात. तक्रार किती दिवसांत करायची? तीन महिन्यांत. मला दरवेळी पैकीच्या पैकी मार्क.

दोन वर्षांपूर्वी टीमच्या जेवणात एका सीनियरने माझ्या सहकारी मैत्रिणीला जे ऐकवलं, ते मी शेजारी बसून ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिने मला चहाच्या मशीनपाशी गाठलं. "मी तक्रार केली, तर तू जे ऐकलंस ते सांगशील ना?"

मी म्हणालो, "बघू."

अप्रेझल तोंडावर होतं आणि माझं रेटिंग त्याच सीनियरच्या हातात होतं. तिने पुन्हा विचारलं नाही, तक्रारही केली नाही. चार महिन्यांनी तिने नोकरी सोडली. मी स्वतःला समजावलं, कायदा आहे, समिती आहे, तिला हवं असतं तर ती गेली असती.

हा कायदा आला कुठून, हे मी बऱ्याच नंतर वाचलं. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' होत्या. बालविवाह रोखणं हा त्यांच्या कामाचा भाग. १९९२ मध्ये असाच एक विवाह रोखण्याचा प्रयत्न केला, म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं. काही संघटना त्याआधीच सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. कामावर असलेल्या बाईच्या संरक्षणासाठी वेगळा कायदाच तेव्हा नव्हता. १९९७ च्या 'विशाखा' निकालात न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि २०१३ मध्ये संसदेने कायदा केला. आज दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती लागते. तिच्यात निम्म्या तरी स्त्रिया हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा, आणि चौकशी नव्वद दिवसांत संपायला हवी.

म्हणजे एका बाईने बोलण्याची जबर किंमत मोजली, तेव्हा कुठे माझ्या मैत्रिणीसाठी एक दार तयार झालं. ते दार उघडंच होतं. तिथवर एकटीने जायचं की नाही, एवढंच तिला ठरवायचं होतं. आणि ती एकटी पडली ती माझ्या एका शब्दाने.

समिती फार तर कागद तपासेल, माणसांना बोलावून विचारेल. त्या टेबलावर ती हजर नव्हती, मी होतो. प्रॉडक्शनमधला बग लॉगशिवाय सापडत नाही, हे मला रोज कळतं. इथे लॉग मीच होतो, हे मात्र कळलं नाही. खरं बोलणारा साक्षीदार तक्रार करणारीच्या उपयोगाचा असतो, तसाच खोटा आळ आलेल्याच्याही. साक्षीदारच नसेल, तर ज्याची खुर्ची मोठी त्याचंच खरं ठरतं.

माझी भीती खोटी नव्हती. पण तिची माझ्याहून मोठी होती, तरी तिने विचारलं. "बघू" म्हणण्यावर कुठलंही कलम लागत नाही. म्हणूनच त्याचा हिशेब मलाच करावा लागतो.

गेल्या महिन्यात तिला मेसेज केला : त्या दिवशी मी सगळं ऐकलं होतं.

तिचं उत्तर आलं, "माहीत आहे. म्हणूनच तुला विचारलं होतं."