नकार कोणाला परवडतो?

"मुलींच्या अपेक्षा फार वाढल्यात." छत्रपती संभाजीनगरच्या सिडको-हडको भागात वधू-वर मेळावा असला, की हे वाक्य चहाच्याही आधी फिरतं. मुलगा वाळूजच्या कंपनीत परमनंट, गावाकडे चार एकर, निर्व्यसनी. तरी मुलीकडून नकार, कारण तिला पुण्यातला फ्लॅट हवा. मुलाचे मामा मग थेट निसर्गालाच साक्षीला बोलावतात: बायकांची जात मुळातच चोखंदळ.

मामांना विद्यापीठांचं पाठबळही आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस यांनी १९८९ मध्ये ३७ समाजगटांतल्या दहा हजारांवर लोकांच्या आवडीनिवडी मांडल्या. बाईला कमावता पुरुष हवा, पुरुषाला तरुण आणि देखणी बाई. कारण म्हणे उत्क्रांती. एवढ्यासाठी ३७ समाज कशाला पालथे घालायचे? रविवारच्या पुरवणीतल्या स्थळांच्या जाहिराती पुरल्या असत्या. पुढे ॲलिस ईगली आणि वेंडी वुड यांनी तीच आकडेवारी पुन्हा चाळली, तेव्हा जिथे स्त्री-पुरुषांत बरोबरी अधिक तिथे फरक कमी दिसला. देशाची वेस ओलांडली की उत्क्रांती नरमते, असं समजायचं काय?

त्याहून गमतीचा प्रयोग २००९ चा. एली फिंकेल आणि पॉल ईस्टविक यांनी ३५० तरुण-तरुणींना घेऊन स्पीड डेटिंगचे १५ मेळावे भरवले. दोनचार मिनिटांच्या गप्पा, की पुढची जोडी. अशा कार्यक्रमांत रिवाजाने बायका बसून राहतात आणि पुरुष खुर्च्या बदलत फिरतात. या दोघांनी निम्म्याअधिक नाही तरी निम्म्याच्या आसपास मेळाव्यांत बायकांना फिरायला लावलं. पुरुष फिरले तेव्हा बायका जास्त चोखंदळ ठरल्या. बायका फिरल्या तेव्हा तो फरक उरलाच नाही. सगळा चोखंदळपणा खुर्चीचा!

मामांना गप्प करायला एवढं पुरे होतं. पण कांदेपोहे आडवे येतात. मुलगी बघायला उठून जातो तो मुलगा, तोही चार जणांना घेऊन. मुलगी आपल्या घरीच बसलेली. खुर्चीचा नियम खरा मानला, तर पिढ्यान्पिढ्या नकार मुलींनी द्यायला हवे होते. दिले मुलाकडच्यांनी, "पत्रिका जुळत नाही" असा निरोप धाडून. मुलगा उठतो एका संध्याकाळपुरता. मुलीला कायमचं उठून जायचं असतं, आणि तिने नाही म्हटलं तर घरात धाकटी बहीण खोळंबलेली. मग खुर्चीचा मुद्दा बाजूला ठेवावा लागतो आणि नकार कोणाला परवडतो, एवढंच बघावं लागतं.

हा हिशोब नसलेली भेट बघायची, तर पैठण इथून पन्नासेक किलोमीटरवर. तिथल्या सातवाहनांपैकी हाल राजाच्या नावावर 'गाथासप्तशती' आहे: महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे सातशे गाथा, आणि कित्येकींत बोलणारी बाई. (त्या बायकांनीच रचल्या, असं मात्र छातीठोक म्हणवत नाही.) प्रेमाच्या अभ्यासाचं इतकं जुनं आणि इतकं मिस्कील दप्तर मराठी मुलखात दुसरं नसावं. एका गाथेत वाटसरू पाणपोईवर ओंजळीने पाणी पितो. नजर वर, तिच्याकडे, म्हणून बोटं मुद्दाम विरळ ठेवतो. पाणी पाजणारी आपली धार बारीक करते. तो चालत आलेला, ती जागेवरच. लबाडी दोघांची सारखी. ना पत्रिका, ना बैठक, ना धाकटी बहीण.

मेळाव्यातला नकार मात्र 'कोणाला परवडतो' या हिशोबात चपखल बसतो. मुलगी शिकली, कमावू लागली, शिवाय मुली कमीही पडू लागल्या. २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या; ही मुलं मेळाव्यांत यायची आहेत अजून. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुण नवरदेवाच्या थाटात, घोड्यांवर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. लोक पोट धरून हसले. त्या तरुणांची मागणी मात्र गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा कडक राबवा, अशी होती.