अंतर कोणी कापायचे?

ऑक्टोबर 2022मध्ये इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीची शाळकरी मुले बकऱ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर धडकली. ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ ही त्यांची मागणी. भाम धरणाने विस्थापित केलेल्या कुटुंबांची ही लेकरे. वस्तीवरची शाळा बंद करून त्यांना दुसऱ्या शाळेत धाडायचे घाटत होते. शाळाच जाणार असेल तर गुरे-बकऱ्या वळण्यावाचून दुसरे काय उरते, हा त्यांचा सवाल होता. बातमी राज्यभर गाजली आणि प्रशासनाने शाळा सुरू ठेवण्याचे मान्य केले. धरणाचे पाणी खालच्या भागाला मिळते. ज्यांनी त्यासाठी गाव सोडले, त्यांच्या मुलांनी शाळाही सोडावी, हा कुठला न्याय?

शिक्षण हक्काच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. पण पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर आषाढ लागला की त्याच एका किलोमीटरमध्ये ओहोळ फुगतो, पायवाट निसरडी होते. शेंद्रीपाड्याजवळ तास नदीवर जानेवारी 2022मध्ये लोखंडी पूल झाला आणि त्याच पावसाळ्यात वाहून गेला. नकाशावरचे अंतर तेवढेच राहते. सहा वर्षांच्या पोराला मात्र ते पार होत नाही.

2023पासून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आला. त्यामागचे म्हणणे असे: एकाच शिक्षकाने चार वर्ग सांभाळायचे, हे मुलांच्या हिताचे नाही. मोठ्या शाळेत सवंगडी मिळतात, खेळ मिळतात. हे म्हणणे खोटे नाही. पण आधी रस्ता, पूल आणि रोज वेळेवर येणारी गाडी, मग शाळेचे स्थलांतर, असा क्रम हवा. तो उलटला की पहिली घरी बसते ती थोरली मुलगी. धाकट्या भावंडाला सांभाळायला, पाणी भरायला तिचे हात घराला हवेच असतात. लांबची शाळा हे तिला घरी ठेवायला आयते कारण मिळते.

शासन, समाज आणि मूल यांच्यात सर्वांत दुबळे मूल आहे. म्हणून अंतर कापण्याचे ओझे थोरांनी उचलायचे. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी आपल्या तालुक्यातील एका तरी पाड्याची चौकशी करा: मुले शाळेत कशी जातात, ओढा कुठे आडवा येतो? उत्तर समाधानकारक नसेल तर ग्रामपंचायतीत आणि पंचायत समितीत लेखी अर्ज द्या, आणि काम होईपर्यंत पाठ सोडू नका.