मालकीची नोंद आणि वस्तूची ओळख

जुन्या खाजगी विमानाची मालकी शोधणें म्हणजे आमच्या रत्नागिरीकडील फेरफाराचें पुस्तक चाळण्यासारखेंच होय. परंतु फेरफारांतील जमीन निदान जागची हलत नाहीं. विमानाचें इंजिन बदलतें, पंखांवरचें कापड बदलतें, लांकूडहि बदलतें. मग चौथ्या मालकानें घेतलें तें काय?

ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं 'पस मॉथ' विमानानें कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस टपाल आणलें. १९८२ सालीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, त्यांनीं तोच प्रवास पुनः केला. पण 'लेपर्ड मॉथ'मधून. त्या जातीचें पहिलें विमानच मुळीं १९३३ त उडालें. तरीहि तें पाहून कोणाचा ऊर भरून आला असेल, तर तो फसला असें मी म्हणणार नाहीं. विमानाचें नांव कोणी लपविलें नव्हतें.

आमच्या बंदरांतील जुन्या गलबताच्या फळ्या तरी सगळ्या मूळच्या कोठें असतात? नांव मात्र तेंच राहतें, आणि कोणती फळी केव्हां घातली हें तांडेल विचारल्यास सांगतो. बदललेला पंख झांकून नुसतें नोंदणीचें चिन्ह पुढें करणाराचे मालकीचे कागद चोख असूं शकतात. विमान घेण्याचा योग माझ्यासारख्या मास्तराच्या नशिबीं नाहीं. पण आलाच, तर मालकांच्या यादीआधीं मी दुरुस्तीची वही मागेन.