आश्वासनाचे वय

आश्वासनालाही वय असते, ही गोष्ट आपण मतदार सहसा ध्यानात घेत नाही. २०२४ साली राज्यात ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत झाली आणि त्याच वर्षी विधानसभेची निवडणूक आली. हे आश्वासन डोळ्यांदेखत फळते. उलट, २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत भारताने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० हे साल सांगितले. उमेदवाराची मुदत मात्र पाचच वर्षांची! मग जे फळ पाहायला आपण उरणार नाही, त्याच्यासाठी त्याने मत मागावे काय?

कोणी म्हणेल, ज्याला कोयता घेऊन ऊसतोडीला जावे लागते, त्याला २०७०च्या गोष्टी सांगणे ही क्रूर थट्टा आहे. आक्षेप खरा आहे. ज्याने सर्वांत कमी धूर केला, त्याच्याकडे त्याग मागणे अन्यायाचेच. पण पर्जन्यछायेतील बीडमध्ये पाऊस हुकला की पहिला घाव त्याच्यावरच पडतो. तेव्हा हा विषय त्याचा नाही, असेही म्हणवत नाही.

मांजरसुंब्याला बालाघाटाच्या माथ्यावर फिरणाऱ्या पवनचक्क्या पाहताना मला यावर एक कसोटी सुचते. २०७०चे वचन आज तपासता येत नाही. पण त्या वचनाच्या नावाने आज चाललेला व्यवहार तपासता येतो. डिसेंबर २०२४मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. तपासयंत्रणेच्या आरोपपत्रात तिचा संबंध पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी जोडलेला आहे. वारा निर्मळ असला, म्हणून त्यावरचा व्यवहार निर्मळ होत नाही.

सौरपंपाचेही तसेच. सरकारी योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे. पुढे उन्हाला बिल नाही. परंतु विहिरीला तळ आहे, आणि शेजाऱ्याचे पाणी त्याच खडकातून येते. पंप देणारा उमेदवार उपशाच्या मर्यादेबद्दल गप्प बसत असेल, तर त्याने अर्धेच सांगितले.

म्हणून मी उमेदवाराला दूरचे साल विचारणार नाही. पवनचक्कीखालच्या जमिनीचा करार गावासमोर वाचाल का, उपसा आवरा असे भर सभेत सांगाल का, एवढेच विचारीन. ज्यांना अजून मत नाही, त्यांच्या वतीने आज इतके तरी विचारता येते.