यशाचा आग्रह आणि बंद वाटा

दारिद्र्य हीच गुन्हेगारीची जननी होय, हा समज जितका रूढ तितकाच अपुरा आहे. कारण पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहूनही परक्याच्या चीजवस्तूला हात न लावणारी माणसे या देशात सर्वत्र आढळतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ साली याहून खोल कारण दाखवून दिले. जो समाज धनप्राप्ती हे साध्य सर्वांपुढे सारख्याच आग्रहाने ठेवतो, परंतु त्या साध्याप्रत नेणारी सनदशीर साधने मात्र वर्ग आणि वर्ण पाहून वाटतो, त्या समाजात कित्येकजण साध्य न सोडता साधनेच बदलतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मुंबईच्या गिरणगावाने या सिद्धान्ताचा दारुण प्रत्यय घेतला आहे. लालबाग-परळच्या चाळीत वाढलेल्या मुलाला बापाच्या ओळखीने गिरणीत ‘बदली’ कामगार म्हणून लागण्याची आणि पुढेमागे कायम होण्याची एक अरुंद, परंतु अब्रूची वाट होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला; तो चिघळला, गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि ती वाट कायमची मिटली. वाट मिटली तरी यशाची हाक थांबली नाही. उलट, बंद गिरण्यांच्या जमिनींवर उत्तुंग इमारती आणि झगमगती दुकाने उभी राहिली, तेव्हा ती अधिकच मोठ्याने ऐकू येऊ लागली. संघटित टोळ्यांनी नेमक्या याच वस्त्यांतील बेकार तरुणांना हेरले आणि पैसा, दरारा व नाव ही तिन्ही त्यांच्यापुढे एकदम ठेवली.

तथापि, याच चाळींतील बहुसंख्य कुटुंबांनी भाजी विकून, खानावळी चालवून, पहारेकऱ्याची नोकरी पत्करून सचोटीने दिवस काढले, हे विसरणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. परिस्थितीने गुन्हेगाराची जबाबदारी संपत नाही, पण तेवढ्याने समाजाचीही संपत नाही. फौजदारी कायदा आरोपीचा न्याय करील. मात्र ज्या राज्यकर्त्यांना गुन्हे खरोखर कमी व्हावेत असे वाटते, त्यांनी ठाणी आणि तुरुंग वाढवण्याइतक्याच तातडीने कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी शिक्षणाची व रोजगाराची दारे उघडली पाहिजेत, आणि आपणही माणसाची प्रतिष्ठा त्याच्या मिळकतीवरून मोजणे सोडले पाहिजे.