बोल्टच्या माथ्यावरचे प्रमाण

गाडीला घरच्या घरी विंच (दोर गुंडाळत ओढणारे यंत्र) बसवायचा, तर प्लेट आणि बोल्ट किती मजबूत हवेत, हा प्रश्न कारागिरीचा आहे. त्याच्या मुळाशी मात्र ज्ञानाविषयीचा एक जुना प्रश्न आहे: जे बळ डोळ्यांना दिसत नाही, ते वस्तूत आहे असे कशावरून मानायचे? वैतरणेच्या मुखाशी असलेल्या दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर हा प्रश्न कोरडा राहत नाही. रेतीत किंवा खाडीच्या गाळात रुतलेली गाडी भरती चढण्याआधी ओढून काढायची असते, आणि ताणलेल्या वायररोपच्या आसपास माणसे उभी असतात.

न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. बोल्टच्या बाबतीत प्रत्यक्ष फार लवकर थकते. ४.६ आणि ८.८ या वर्गांचे १२ मिलिमीटरचे दोन बोल्ट शेजारी ठेवले, तर वजन, रंग, आटे सारखेच असू शकतात. पण पहिला सुमारे २ टन ताणाला कायमचा लांबतो, दुसरा साडेपाच टनांपर्यंत टिकतो. ९५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे ४.३ टन ओढणारा विंच ज्या कामाला लागतो, तिथे हा फरक जिवाशी खेळणारा आहे. भंगारातून आणलेल्या प्लेटला ग्राइंडर लावून, ठिणग्या पाहून कसलेला कारागीर कार्बन कमी की जास्त हे ओळखतो. तेही खरे तर अनुमानच. आणि प्लेट चौरस मिलिमीटरला २५० न्यूटनवर वाकेल की ३५० वर, हे ठिणगी सांगत नाही.

कारखान्यातली चाचणीही शेवटी अनुमानावरच उभी असते. तोडून पाहिलेला बोल्ट वापरता येत नाही, आणि वापरायचा बोल्ट तोडून पाहिलेला नसतो. काही नमुने तुटेपर्यंत ओढायचे आणि बाकीच्या खेपेविषयी निष्कर्ष काढायचा. चार्वाकांचा आक्षेप नेमका इथे लागू पडतो: पाहिलेल्यावरून न पाहिलेल्याची खात्री कशी द्यायची? याला उत्तर असे की, एकाच भट्टीतले पोलाद, एकच उष्णोपचार, एकच साचा असे समान कारण असेल तरच तो निष्कर्ष टिकतो. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त शंकेलाही मर्यादा घातली. शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याशीच ती विसंगत ठरू लागली, की ती थांबते. चाकाच्या बोल्टांवर भरवसा ठेवून दातिवऱ्याहून सफाळे स्टेशनपर्यंत गाडी हाकणाऱ्याला बोल्टमात्रावर अविश्वास दाखवता येत नाही.

बोईसरच्या दुकानात बोल्ट घेणारा मात्र यातले काहीच करत नाही. तो माथ्यावरचा आकडा वाचतो, आणि इथे शब्दप्रमाण सुरू होते. न्यायसूत्रकार गौतमांच्या मते आप्ताचे सांगणे म्हणजे शब्दप्रमाण. त्या सूत्रांचे भाष्यकार वात्स्यायनांनी आप्ताचे लक्षण स्पष्ट केले: वस्तू स्वतः जाणणारा, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची इच्छा असणारा. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू होते, असेही त्यांनी बजावले. भारतीय तत्त्वचिंतनातले हे फार उदार वाक्य आहे. बोल्ट तारापूरच्या एमआयडीसीत घडला की परदेशात, याला महत्त्व नाही. घडवणाऱ्याने तपासून आकडा उमटवला का, याला आहे. म्हणूनच मानकांनुसार ८.८ च्या जोडीला उत्पादकाची खूण लागते. खूण नसेल तर तो आकडा कोणी सांगितला हेच कळत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत हलक्या प्रतीच्या बोल्टांवर वरच्या प्रतीच्या खुणा मारून विक्री झाल्याचे उघड झाले आणि १९९० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

ऐकलेले खरे मानून चालायचे की आधी पडताळायचे, यावर मीमांसक आणि नैयायिक शतकानुशतके भांडले. मीमांसकांच्या मते ज्ञान मुळात प्रमाणच असते, दोष सापडला तरच ते बाद होते. नैयायिकांच्या मते त्याचे खरेपण बाहेरून सिद्ध व्हावे लागते. (या संज्ञांसाठी भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’, त्यातही वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली १९२८ ची पुण्याची आवृत्ती, आजही हाताशी असावी.) दाराच्या बिजागरीला मीमांसकांची वृत्ती पुरते. जिथे चुकीची किंमत दुसऱ्याने मोजायची असते, तिथे नैयायिकच बरोबर आहेत. याच किनाऱ्यावर १९६९ पासून चालणाऱ्या तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रासारख्या ठिकाणी महत्त्वाच्या भागाचे पोलाद भट्टीच्या कोणत्या घाण्यातले, हे कागदावर मागे शोधता यावे लागते. घरगुती कामात निदान पोलाद कारखान्याचे चाचणी-प्रमाणपत्र असलेली आयएस २०६२ ची प्लेट घेता येते, आणि माणसे दूर ठेवून, भार हळूहळू वाढवत ओढ घेऊन पाहता येते.

प्रमाण खरे असले तरी ते आपल्या विषयापुरतेच बोलते. आकडा पोलादाचे बळ सांगतो; खाऱ्या वाऱ्याविषयी तो मुका आहे. गंज नको म्हणून ए२-७० चा स्टेनलेस बोल्ट घातला, तर तो ८.८ पेक्षा लवकर लांबतो, मिठाने त्यालाही खड्डे पडतात आणि भोवतालची साधी प्लेट अधिक वेगाने झिजते. सर्वांत मोठा आकडा म्हणून १२.९ निवडला आणि त्यावर जस्ताचा विद्युत मुलामा दिला, तर प्रक्रियेत शिरलेला हायड्रोजन त्याला ठिसूळ करू शकतो. असा बोल्ट आवळल्यानंतर काही तासांनी, कोणतीही सूचना न देता तुटतो. ८.८ तुटण्यापूर्वी ताणला जातो. किनाऱ्यावर जस्ताचा थर दिलेला ८.८, वेळोवेळी उघडून तपासलेला, हीच शहाणी निवड. बोल्टाजवळ वेल्डिंग केले, तर उष्णोपचाराने आलेले बळ उतरते आणि माथ्यावरचा आकडा तसाच राहून खोटा ठरतो.

प्लेट आणि बोल्टांचा हा माउंट, म्हणजे विंचची बैठक, तयार झाला की घडवणारा स्वतःच आप्ताच्या जागी येतो. शेजारी तो मागून नेतो तेव्हा वेल्ड आतपर्यंत गेला का, भोके ड्रिलने पाडली की गॅसने, हे त्याला दिसत नाही. म्हणून प्लेटवर सुरक्षित भार कोरावा, आणि तो विंचच्या नव्हे, सर्वांत दुबळ्या जोडाच्या हिशेबाने. ज्याचे मूळ ठाऊक नाही अशी प्लेट त्यात असेल, तर आकडा कोरू नये आणि माउंट कोणाला देऊ नये. जे जाणले नाही ते न सांगणे हाही आप्ताच्या लक्षणाचाच भाग आहे.