आजचा रुग्ण आणि उद्याचा रुग्ण

संशोधनासाठी सरकारच्या हाती असलेला पैसा मोजकाच असतो. तो शरीराचे मूळ व्यापार समजून घेण्यात घालावा, की आहे त्या ज्ञानातून औषधे तयार करण्यात? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने डिसेंबर २०११ मध्ये, प्रयोगशाळेतील शोध रुग्णापर्यंत लवकर पोहोचावेत म्हणून, एक स्वतंत्र केंद्र स्थापन केले, तेव्हा तेथे हाच वाद झाला.

रुग्णाची बाजू आम्हांला क्षुल्लक वाटत नाही. ज्याच्या घरात असाध्य आजार आहे त्याला "थांबा, ज्ञान वाढते आहे" असे सांगणे क्रूरपणाचे आहे. शिवाय ज्ञानाचे औषध आपोआप होत नाही. त्यासाठी कोणीतरी वर्षानुवर्षे झटावे लागते.

परंतु वाचकहो, आपल्या हैफाचेच उदाहरण पाहा. तेथील टेक्निऑनमध्ये १९७० नंतरच्या दशकात अवराम हेर्श्को आणि आरोन चिखानोव्हेर एक साधा प्रश्न विचारीत होते : पेशी आपलीच प्रथिने मोडते कशी, आणि त्यासाठी तिला शक्ती का लागते? सशाच्या रक्तातील कोवळ्या तांबड्या पेशींवर त्यांचे प्रयोग चालत. त्या वेळी कोणी "याने कोणता रोग बरा होईल?" असे विचारले असते, तर काय उत्तर मिळाले असते? पुढे इतर शास्त्रज्ञांनी प्रथिने मोडणारी ती यंत्रणा उलगडली. तिला रोखणारे बोर्टेझोमिब हे औषध २००३ मध्ये मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगावर अमेरिकेत मान्य झाले. २००४ मध्ये त्या दोघांना अमेरिकेच्या अर्विन रोझ यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मूळ संशोधनाचा पैसा काढून घेतला तर नुकसान कोणाचे? जो अजून आजारी पडलेला नाही त्याचे. आजचा रुग्ण मंत्र्याचे दार ठोठावू शकतो, उद्याच्या रुग्णाला आपण रुग्ण होणार हेही ठाऊक नसते. म्हणून त्याची बाजू आपणच मांडली पाहिजे. दुष्काळातही शेतकरी बियाणे दळीत नाही, ते याच हिशेबाने.

आमचे मत असे : जेथे नफा दिसतो तेथे औषध कंपन्या स्वतः पैसा घालतील. नफा नसलेल्या दुर्मिळ रोगांवरील औषधांना सरकारने जरूर मदत करावी, पण मूळ संशोधनाचा वाटा कापून नव्हे. आणि कापायचाच असेल, तर कोणते काम बंद होणार हे जनतेला आधी उघड सांगावे.